‘येतो’ म्हटलं की संगणक म्हणे ‘बसा’

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात निम्मा दोष टेलिफोनचा आणि निम्मा माझ्या तोंडाचा होता. खालच्या दुकानदाराला मी बरीच वर्षं बोल लावला, पण आता खरं बोलायला काही हरकत नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नेवाशात एका खताच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर मी कॉम्प्युटर क्लास चालवत होते. तीन कॉम्प्युटर, त्यातला एकच रंगीत. जिना दुकानाच्या आतूनच होता. त्यामुळे शिकायला येणारी मुलं युरियाच्या गोण्यांतून वाट काढत वर यायची आणि चपलांची पांढरी पूड माझ्या पुसून ठेवलेल्या फरशीवर सोडायची. ‘चपला जिन्यात काढा’ असं मी मोठ्या अक्षरांत छापून लावलं होतं. प्रिंटर होता ना हाताशी! वाचत कुणीही नव्हतं.

खालचे दुकानदार म्हणजे आमचे शेठ. बोलायची इतकी हौस की कुणी खताची एक गोणी घ्यायला आलं, तरी त्याची विहीर, त्याचा मेहुणा, मेहुण्याचा दवाखाना, सगळं ऐकून घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. माझ्याकडे फोन नव्हता. माझ्या पत्रकावर शेठच्या दुकानाचा नंबर असायचा आणि त्यापुढे ‘पीपी’ अशी दोन अक्षरं. म्हणजे फोन त्यांचा, निरोप माझा. शेठ निरोप बिलाच्या पाठीमागे लिहून ठेवायचे आणि काठीनं छताला ठोकायचे. दोन ठोके म्हणजे निरोप आलाय, तीन ठोके म्हणजे चहा आलाय. चहाच्या बाबतीत त्यांची कधी चूक झाली नाही.

आता ज्याला चॅटबॉट म्हणतात त्याला तेव्हा आमच्याकडे नावच नव्हतं. एका इंग्रजी मासिकात मी वाचलं की परदेशात म्हणे असे प्रोग्राम आहेत, ज्यांच्याशी टाइप करून गप्पा मारता येतात. झालं, डोक्यात किडा वळवळला. इंग्रजीत बोलतो तर मराठीत का नाही बोलणार? अक्षरं इंग्रजी वापरू, पण बोलू आपलं मराठी. त्यातली युक्ती तशी साधी असते. समोरच्यानं टाइप केलेल्या वाक्यात एखादा ओळखीचा शब्द शोधायचा आणि त्याला ठरलेलं उत्तर द्यायचं. शब्द सापडला नाही, तर काहीतरी गोलमोल बोलून वेळ मारून न्यायची. मोठमोठ्या खुर्च्यांवरची कितीतरी माणसं याच पद्धतीनं चालतात, तर कॉम्प्युटरला का जमू नये?

मी स्पर्धा जाहीर केली. ‘संगणक संवाद स्पर्धा’. जिल्ह्यातल्या कॉलेजांना आणि क्लासेसना पोस्टकार्डं पाठवली. एक नियम मी स्वतःच्या डोक्यानं घातला, तो म्हणजे परीक्षक असा हवा की ज्याला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. कॉम्प्युटरवाला माणूस प्रोग्रामची कारागिरी बघत बसतो, आपल्याला गप्पा बघायच्या होत्या. श्रीरामपूरला एक निवृत्त हेडमास्तर होते, बोलण्यात अगदी साखर. त्यांना पत्र टाकलं, त्यांनी आनंदानं होकार दिला.

सुरुवातीला तीन प्रवेशिका आल्या. श्रीरामपूरच्या दोन कॉलेजकुमारांची, शिर्डीच्या एका लॉजवर काम करणाऱ्या तरुणाची, आणि माझ्याच क्लासात शिकायला येणाऱ्या एका शाळामास्तरांची. मग जामखेडहून एक अंतर्देशीय आलं. जामखेड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. अक्षर मोत्यासारखं. एका मुलीनं लिहिलं होतं:

‘आदरणीय मॅडम, माझी बारावी झाली आहे. इथल्या क्लासमध्ये मी प्रोग्रामिंग शिकते. मला नगरला तीन वर्षांच्या कॉम्प्युटरच्या कोर्सला जायचं आहे. पप्पा हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. तुमचं पत्रक दाखवलं तेव्हा एवढंच म्हणाले, ते बोलकं मशीन डोळ्यानं बघतो, मग ठरवू. फॉर्म भरायला थोडेच दिवस राहिले आहेत. म्हणून कृपया माझं नाव घ्या. पप्पा रोडरोलर चालवतात. त्यांना रविवारी सुट्टी असते, तरी स्पर्धा रविवारी ठेवावी.’

मी ते पत्र तीनदा वाचलं. मलाही एकेकाळी ‘मग ठरवू’ हे वाक्य ऐकवलं गेलं होतं, म्हणून जरा जास्तच लागलं. स्पर्धा रविवारीच ठेवली आणि पत्र माझ्या टेबलामागच्या भिंतीवर टाचणीनं लावलं. या पोरीला कसंही करून इथपर्यंत आणायचंच, असं मी ठरवलं.

शुक्रवारी दुपारी दोन ठोके पडले. खाली गेले तर शेठनी बिल पुढे केलं. पाठीमागे दोन ओळी होत्या. ‘हेडमास्तर – येतो.’ आणि ‘जामखेड – येत न्हाई.’

“नक्की नाही म्हणाले?” मी विचारलं.

“बाप बोलला तिचा. तोंडानं म्हनला ना. म्या ऐकलं तसंच लिवलं.”

मला आधी वाईट वाटलं आणि लगेच राग आला. नेहमीचीच घाई माझी. बापानं अडवलं असणार पोरीला, दुसरं काय! वर येऊन मी यादीतलं तिचं नाव लाल पेनानं खोडलं, चांगलं दोनदा.

रविवार उजाडला. सकाळी नऊला पहिले स्पर्धक जिना चढून आले ते चार जण. एकाला ही एवढी मिशी, एकानं नऊवारी नेसलेली, आणि नऊवारीवाल्याला दाढीचे खुंट. मी बघतच राहिले. झालं होतं असं की माझी जाहिरात एका स्थानिक साप्ताहिकात छापून आली होती आणि छापणाऱ्यानं जागा पुरेना म्हणून ‘संगणक’ तेवढा गाळला होता. उरली ‘संवाद स्पर्धा’. जवळच्या गावातली ही मंडळी हुंडाबंदीवरचा संवाद बसवून आली होती.

“स्टेज कुठंय?” मिशीवाल्यानं विचारलं.

“स्टेज नाही. कॉम्प्युटर आहे.”

“मंग आमी त्याच्याफुडं करायचं का?”

मी कपाळाला हात लावला. पण इतक्या लांबून आलेल्या माणसांना हाकलणार कसं? पोहे केले होते, ते दिले. पोहे खाताना संवादातल्या सासऱ्याची खोटी मिशी सुटून ताटलीत पडली, ती त्यांनी कढीपत्ता बाजूला करावा तशी काढून ठेवली आणि खाणं चालू. प्रेक्षक हवेच होते, तेवढी माझी सोय झाली.

दहा वाजले, अकरा वाजले, हेडमास्तरांचा पत्ता नाही. शिर्डीचा तरुण दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होता, कारण त्याची लॉजवर संध्याकाळची पाळी होती. कॉलेजकुमारांनी एकमेकांचे प्रोग्राम बिघडवल्याचा आरोप सुरू केला, खरं तर दोघांचा मिळून एकच प्रोग्राम होता. माझं डोकं तापत चाललं होतं. आणि नेमकं तेव्हाच, साडेअकराच्या सुमाराला, जिन्यातून दोघं जण वर आले.

काटक, उन्हानं रापलेला माणूस. मागे दोन वेण्या घातलेली मुलगी. माणसाच्या हातात जेवणाचा डबा.

“जय भीम,” ते म्हणाले.

“जय भीम. कोण आपण?”

“जामखेड,” मुलगी म्हणाली. “मी पत्र लिहिलं होतं मॅडम.”

इथं मी काय करायला हवं होतं? या, बसा, पाणी घ्या. पहाटेच्या एसटीनं निघालेली, नगरला माळीवाड्याला गाडी बदललेली, फाट्यावर उतरून वडापच्या जीपमध्ये कोंबून आलेली माणसं ती. पण माझ्या डोक्यात दीड तासाची वाफ कोंडली होती, ती नेमकी यांच्यावर निघाली.

“अहो, तुम्ही येत नाही म्हणालात ना? नाव खोडलं मी! एकदा येतो, एकदा येत नाही, हा काय पोरखेळ लावलाय? सगळ्यांच्या वेळा वाटून झाल्यात आता.”

 मुलीची नजर माझ्या मागे भिंतीवर गेली. तिथं तिचंच पत्र टाचणीला लटकत होतं.

बापानं माझ्याकडे बघितलं. “हं,” म्हणाले. मग मुलीला म्हणाले, “चल.”

आणि दोघं गोण्यांमधून निघून गेले.  नऊवारीवाल्यानं पदर सारखा केला.

तेवढ्यात शेठनी खालून ओरडून विचारलं, “हेडमास्तरला फोन लावू का?” मी तरातरा खाली गेले. फोन लागला. पलीकडे हेडमास्तरांचा साखरेचा आवाज.

“सर, आम्ही वाट बघतोय तुमची.”

“माझी? अहो, मी तर शुक्रवारीच कळवलं. गुडघा सुजलाय, येणं जमणार नाही.”

“पण सर, तुम्ही ‘येतो’ म्हणालात!”

“बाई, फोन ठेवताना म्हणालो असेन. ‘बरं, येतो मग’. निरोप घेताना ‘जातो’ कसं म्हणणार? अशुभ बोलायची सवय नाही मला.”

मी फोन ठेवला आणि शेठकडे वळले. “ते येत नाही म्हणत होते. तुम्ही ‘येतो’ लिहिलंत.”

“शेवटी ‘येतो’च म्हनले की! म्या शेवटचं तेवढं लिवतो. आधीचं कोन ध्यानात ठिवनार?”

 “आणि जामखेडवाले? ते नेमकं काय म्हणाले होते? शब्दन् शब्द सांगा.”

शेठनी डोळे मिटले. “म्या इचारलं, येनार का रविवारी? तर म्हनले, ‘न येऊन...’ आन् तुटला फोन.”

“न येऊन कसं चालेल!” मी ओरडले. “अहो, न येऊन कसं चालेल, असं म्हणायचं होतं त्यांना! येतोच, असं सांगत होते ते!”

“व्हय की!” शेठ म्हणाले आणि त्यांच्या हातातलं बिल खाली पडलं. “आवो, पळा मॅडम!”

मी पळाले. साडी नेसून स्टँडपर्यंत पळणारी कॉम्प्युटरवाली बाई नेवाशानं त्याआधी पाहिली नव्हती. स्टँडवर एका बाकावर बाप-लेक बसलेले. मुलगी ओढणीनं डोळे पुसत होती, बाप डबा मांडीवर घेऊन समोर बघत होता. नगरची गाडी लागलेलीच होती. कंडक्टर ‘नगर, नगर, नगर’ ओरडत होता.

“माझं चुकलं,” मी धापा टाकत म्हणाले. “सपशेल चुकलं. निरोप उलटा आला आणि मी खातरजमा न करता वाट्टेल ते बोलले. परत चला.”

“हं,” बाप म्हणाला.

हं म्हणजे काय? हो? नाही? ऐकलं? त्या माणसाच्या एका ‘हं’मध्ये सगळं मावत होतं आणि हाताला काहीच लागत नव्हतं.

“पप्पा,” मुलगी म्हणाली, “चला ना. नुसतं बघा. मग नाही म्हणा.”

ते उठले. गाडीकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. मग गाडीला वळसा घालून क्लासच्या रस्त्याला लागले. मी देवाचे आभार मानायचे सोडून कंडक्टरचेच मानले, का ते मला माहीत नाही.

परीक्षकाचा प्रश्न मात्र होताच. पण संगणकातलं ओ की ठो न कळणारा आणि गप्पांत तरबेज असा माणूस खालच्याच मजल्यावर बसलेला असताना मी श्रीरामपूरपर्यंत गेले कशाला होते? शेठनी काउंटर बंद केला, हात धुतले, टोपी झटकून घातली आणि पाहुण्याच्या घरी जावं तसे वर आले. ते बोलणार आणि मी टाइप करणार, असं ठरलं. त्या दिवशी लाईट गेली नाही, हे एक नवलच.

पहिला कॉलेजकुमारांचा प्रोग्राम, त्याचं नाव ‘दोस्त’. शेठनी पीकपाण्याची चौकशी केली, दोस्तानं क्रिकेटचं विचारलं. असं पाच मिनिटं दोघं आपापलं बोलत राहिले. मग शेठ रीतीप्रमाणे म्हणाले, “बरं, येतो.” मी टाइप केलं. पडद्यावर उमटलं: ‘ये ये! कधी येतोस? वाट बघतो!’

शेठ अर्धे उठले होते, ते परत बसले. “आता?”

“पुन्हा सांगा.”

“अरं बाबा, येतो.”

‘ये ये! कधी येतोस? वाट बघतो!’

“सर, ‘बाय’ म्हणा,” कॉलेजकुमार कळवळून म्हणाला. “बाय म्हटलं की बंद होतो.”

“बाय कशापाई म्हनू? माझी काय मैत्रीन हाय व्हय ती?”

मग शिर्डीच्या तरुणाचा प्रोग्राम. तो लॉजवरच वाढलेला असल्यामुळे काहीही विचारलं तरी ‘किती माणसं? किती दिवस?’ एवढंच विचारी. शेठ ‘येतो’ म्हणाले तर म्हणतो, ‘अवश्य या. एसी की साधी?’ शेठनी साधी सांगितली. न सांगून करतात काय!

तिसरा माझ्या क्लासातल्या मास्तरांचा, नाव ‘गुरुजी’. त्याला ‘येतो’ म्हटल्यावर उत्तर आलं: ‘उशीर का झाला? बाहेर उभा राहा.’ आणि आमचे शेठ, शपथेवर सांगते, उठून दाराशी जाऊन उभे राहिले. संवादवाली मंडळी पोट धरून हसत होती. मिशीवाला म्हणाला, “ह्ये आमच्या नाटकापरीस लई भारी हाय.”

मी हसत होते, पण कानकोंडीही झाले होते. शब्द एकच, तीन अक्षरीही नाही, आणि त्याच एका शब्दानं हेडमास्तरांना यादीत घातलं होतं. माणसं काय आणि मशीन काय, सगळी एकाच माळेची निघाली. दाराशी तो बाप हाताची घडी घालून उभा होता. चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती. हे असलं बघायला पहाटेची गाडी पकडली, असंच वाटत असणार त्याला.

“आता तू,” मी मुलीला म्हणाले. “फ्लॉपी?”

बापानं डबा उघडला. वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत फ्लॉपी. खालच्या कप्प्यात भाकरी आणि ठेचा.

“अहो, तेल लागलं असतं तर?”

 त्यांनी नुसता वरचा कप्पा उलटा करून दाखवला. चकचकीत घासलेला होता.

मुलीनं प्रोग्राम सुरू केला. शेठ म्हणाले, “नमस्कार.” पडद्यावर आलं: ‘आलात? आधी पाय धुवा.’

शेठनी खरोखर पायांकडे पाहिलं. “चांगला हाय मी,” त्यांनी सांगितलं.

‘चेहऱ्यावरनं दिसत न्हाई. जेवलात का?’

“व्हय. पोहे खाल्ले.”

‘पोहे म्हंजे जेवण व्हय? उगी पोटाची फसवणूक.’

शेठ खूश झाले. चांगली दहा मिनिटं बोलत बसले, मेहुण्याचं दुखणंसुद्धा सांगून झालं. मेहुण्याला मशीननं काढा सुचवला. शेवटी शेठनी भीत भीत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बरं, येतो मग.”

सगळे पुढे झुकले.

‘एवढ्यात? बरं. पिशवी घेतली का? खिडकीपाशी बसू नका, धूळ येती. सावकाश जा.’ आणि प्रोग्राम आपोआप बंद झाला.

 मग शेठनी पडद्याला हात जोडले. “सुटलो बाबा! पयला नंबर. दुसऱ्याचा इचार बी करू नका.” बक्षीस म्हणून फ्लॉप्यांचा एक नवा डबा होता, तो त्यांनी तिथंच मुलीच्या हातात कोंबला. टाळ्या पडल्या. नऊवारीवाल्यानं शिट्टी मारली.

मुलीचं बक्षिसाकडे लक्ष नव्हतं. ती बापाकडे बघत होती. मीही बघत होते. त्या चेहऱ्यावर ना आनंद, ना काही.

“आवो, तुमी बी बसा की,” शेठ त्यांना म्हणाले. “पोरीचं मशीन हाय. बोलून तर बगा.”

मुलगी एकदम म्हणाली, “नको पप्पा. त्याला नीट येत न्हाई अजून.” तिचा आवाज चिरकला होता, पण मला तेव्हा कारण कळलं नाही. बापानं तळहात पँटला पुसला आणि खुर्चीवर बसले. रोडरोलरचं चाक फिरवणारं बोट, एका वेळी दोन बटणं दाबली जात होती. बऱ्याच शोधानंतर त्यांनी एकच अक्षर टाइप केलं. ‘ह’.

‘हं काय? तोंड उघडून बोला,’ मशीन म्हणालं.

खोलीत हशा पिकला. ते हसले नाहीत. पुन्हा ‘ह’.

‘परत हं. भिंतीशी बोलायले का मी?’

हशा वाढला. तिसऱ्यांदा ‘ह’.

‘रोलर बंद झाला की तोंड बी बंद होतं का तुमचं?’

आता मात्र हसणारे एकेक करत थांबले, कारण मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या लक्षात आलं. हे कुणा परीक्षकासाठी लिहिलेलं नव्हतं. हे त्यांच्या घरातलं होतं, जसंच्या तसं. आणि आम्ही दहा माणसं त्यावर दात काढत होतो. संपलं, मला वाटलं. घालवला पोरीचा कोर्स. कशाला बसवलं याला खुर्चीवर!

“हे आईनं लिवून दिलं तुला?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

“न्हाई पप्पा. आईला माहीत बी न्हाई. मी रोज ऐकते ना, म्हणून...”

“समदं तिचंच हाय ह्यात?”

“हो.”

“माझं काय हाय?”

मुलगी खाली बघून म्हणाली, “तुमचं ‘हं’ हाय ना.”

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, माझ्या स्वभावाप्रमाणे. पण आला नाही, वाईट वाटलं. दिवसभर त्या धडधडीत बसून कुणाशी काय बोलणार, आणि घरी आल्यावर बोलायची सवय कुठून उरणार? ते पुन्हा कीबोर्डकडे वळले. या वेळी एक अक्षर नव्हतं. एकेक बटण शोधत, चुकत, पुसत, ते किती तरी वेळ टाइप करत राहिले.  मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

‘पोरगी नगरला गेल्यावर तू कुणाशी बोलणार.’

एवढंच होतं तर! मी काय काय समजून बसले होते. बाप जुन्या वळणाचा, पोरीला बाहेर पाठवायला भितो, जगाला भितो. तो आपल्या बायकोचा विचार करत होता. घरात तिला उत्तर देणारं माणूस एकच होतं, आणि तेच तो नगरला पाठवणार होता. हे त्याला कळत होतं, नुसतं सांगता येत नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

त्या वाक्यात मशीनच्या ओळखीचा एकही शब्द नव्हता. थोडं थांबून पडद्यावर आलं:

‘तुम्ही बोला. मी ऐकते.’

“पप्पा, ते तसंच येतं,” मुलगी घाईघाईनं म्हणाली. “शब्द सापडला न्हाई की तेच येतं. त्याला काय कळत न्हाई.”

“मला कळलं,” ते म्हणाले.

खुर्ची सरकवून उठले. डब्याचं झाकण लावलं. फ्लॉपी काढून द्यायला मला बोटानं खूण केली, आणि मी ती हातात ठेवल्यावर पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून बोलले.

“नगरच्या कोर्साचा फॉर्म कुठं मिळतो, मॅडम? उतरल्यावर घेऊनच जातो.”

कॉलेज रविवारी बंद, पण माळीवाड्याजवळ एक झेरॉक्सवाला फॉर्म विकायचा, त्याचा पत्ता मी लिहून दिला. मुलगी फ्लॉप्यांचा डबा छातीशी धरून रडत होती की हसत होती, ते कळत नव्हतं. “पप्पा, आईला मी सांगू? मीच सांगते, मी घरात शिरल्या शिरल्या...”

“तू गप बसायचं,” ते म्हणाले. “तुझ्या आईशी मी बोलतो.”